यू, हाड आणि छू

या सदराच्या वाचकांना आमचा मोत्या ठाऊक आहे. माझ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर झोपणारा, पोस्टमनवर भुंकणारा आणि कुरिअरवाल्यापुढे मात्र शेपूट हलवणारा, एक कान टोकाशी दुमडलेला असा तो तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. कवडीविषयी मात्र मी आजवर धड चार ओळीही लिहिल्या नाहीत. दोन-तीन वाचकांनी पत्रांतून विचारलेसुद्धा, की मागे तुम्ही एका बहिऱ्या पिल्लाचा ओझरता उल्लेख केला होता, त्याचे पुढे काय झाले? मी उत्तर दिले नाही. पुढे काय झाले ते सांगायचे म्हणजे त्यात माझ्या फजितीचा भाग बराच मोठा. आणि आपली फजिती सांगायला माणूस दिवाळीसारखा मुहूर्त शोधत असतो.

आधी थोडे व्याकरण. मराठीच्या प्राध्यापकाला तेवढी सवलत असावी. मराठी माणसाचे कुत्र्याशी होणारे संभाषण तीन शब्दांत आटोपते. जवळ बोलवायचे तर 'यू यू', हाकलायचे तर 'हाड', आणि दुसऱ्याच्या अंगावर सोडायचे तर 'छू'. बाकी आपल्या भाषेत जे आहे ते कुत्र्याशी बोललेले नाही, कुत्र्याविषयी बोललेले आहे, आणि तेही फारसे भूषणावह नाही. कोणाचे हाल कुत्रे खात नाही, कोणाला कुत्रे विचारत नाही, आणि शेपूट तर आपण पिढ्यानपिढ्या नळीत घालूनच बसलो आहोत. मी वर्गात या विषयावर एकदा अर्धा तास बोललो होतो आणि मुले चक्क जागी होती. पण या तीन शब्दांपैकी एकाचाही काही उपयोग नाही, असे कुत्रे आपल्याच घरी येईल हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

ही २०१७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही पुण्यात एका जुन्या बंगलीच्या तळमजल्यावर राहतो. पुढे हातभर अंगण, लोखंडी फाटक आणि ओसरीच्या तीन पायऱ्या. गल्लीच्या टोकाला एक हौशी गृहस्थ राहत. त्यांच्याकडे डॅशहाउंड जातीची जोडी होती. लांबलचक, बुटकी, सॉसेजसारखी. पण अंगावर शाई शिंपडल्यासारखे सुरेख ठिपके. त्यांना चार पिल्ले झाली. तीन हातोहात खपली. चौथे उरले. ते जवळजवळ पांढरे होते, मानेवर तेवढा एक करडा डाग, नाक गुलाबी आणि डोळे मुगाच्या दाण्यासारखे बारीक, फिकट निळे. त्यातली बाहुलीसुद्धा मध्यावर नाही, खाली घसरलेली.

आमची मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती. पिल्ले बघायला रोज जायची. एक दिवस ती घरी आली आणि तिने मला विचारले, "बाबा, ते काका म्हणाले, पांढरीला सोमवारी डॉक्टरांकडे नेऊन झोपवणार. झोपवणार म्हणजे काय?"

मी भाषेचा माणूस. 'झोपवणे' या क्रियापदाचे मुख्यार्थ आणि लक्ष्यार्थ मी कोणालाही समजावून देऊ शकलो असतो. मुलीला देता आला नाही. सोमवारी सकाळी पिल्लू आमच्या ओसरीवर एका खोक्यात होते.

ते गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांनी एक पैसाही घेतला नाही. "याची किंमत काय घ्यायची? कवडीमोलाचं पिल्लू," असे ते संकोचाने म्हणाले. आमच्या आईने आतून ते ऐकले. आई कुत्र्यांच्या बाजूची कधीच नव्हती. मोत्याला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायला तिने सहा वर्षांत परवानगी दिलेली नव्हती. पण ती बाहेर आली, खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "कवडीच म्हणा मग. नाहीतरी रंग तसाच आहे." आईची ही संमती होती, हे आमच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

डॉक्टर तरुण होते, स्पष्टवक्ते होते. त्यांनी औषध दिले नाही, कारण यावर औषध नाहीच. त्यांनी माहिती दिली. हे ठिपके ज्या जनुकामुळे पडतात त्याला इंग्रजीत मर्ल म्हणतात, आणि डॅशहाउंडच्या बाबतीत डॅपल. आईबापांपैकी एकाकडून ते आले तर पिल्लू ठिपकेदार होते. दोघांकडूनही आले तर रंग जवळजवळ पुसलाच जातो, आणि अशा पिल्लांत बहिरेपण आणि अधू डोळे वारंवार आढळतात. ठिपकेदार नर आणि ठिपकेदार मादी एकत्र आणली की सरासरी चारातले एक पिल्लू असे निघायचेच. यात दैवाचा भाग कमी आणि हौसेचा जास्त. हे जनुक नेमके कोठे आहे ते २००६ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. पण अशा जोड्या लावू नयेत हे जाणत्या कुत्रेवाल्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. ब्रिटनचा केनेल क्लब अशा जोडीच्या पिल्लांची नोंदच करीत नाही.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. रंगाचा आणि ऐकण्याचा संबंध काय? डॉक्टर म्हणाले, "सर, रंग देणाऱ्या पेशी नुसत्या कातडीत नसतात. कानाच्या आतल्या भागातही असतात. त्या नसतील तर आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी जगत नाहीत. पिल्लू जन्मल्यावर काही आठवड्यांतच त्या मरून जातात." कुत्र्याच्या पिल्लाचे कान मुळी जन्मानंतर दोनेक आठवड्यांनी उघडतात. म्हणजे कवडीच्या कानांचे दार उघडत होते, त्याच सुमारास आतले बिऱ्हाड निघून जात होते.

"जगेल ना?" मुक्ताने विचारले.

"मस्त जगेल. ती बदलणार नाही, एवढंच. तुम्हाला बदलावं लागेल."

तरीही घरी येऊन आम्ही खात्री करून घेतलीच. माणसाचा स्वभाव! मी कवडीच्या पाठीमागे उभा राहून पितळेच्या ताटावर पळीने टोला हाणला. कवडीने झटकन मान वळवली. आम्ही सगळे आनंदाने ओरडलो. माझी पत्नी म्हणाली, "डॉक्टरांना काय कळतंय!" मग मुक्ताने काचेच्या खिडकीच्या पलीकडून ताट वाजवले, आणि कवडी गुलाबी नाक अंगणाकडे करून स्वस्थ बसून राहिली. ती वळली होती ती पळीच्या वाऱ्याने. आवाज ऐकायला आला होता तो फक्त मोत्याला, आणि तो कोचाखाली जाऊन बसला होता.

डोळ्यांचे मात्र अगदीच दिवाळे नव्हते. चांगल्या उजेडात दोन-तीन फुटांवर हललेला हात तिला दिसे. भर उन्हात ती डोळे मिटून घेई. संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास तिला काहीच दिसत नसे. तेव्हा आम्हाला एक नव्हे, दोन भाषा तयार कराव्या लागल्या: दिवसाची हातवाऱ्यांची आणि रात्रीची स्पर्शाची. शिवाय जमिनीची एक लिपी. फाटकाशी काथ्याचे पायपुसणे, पायऱ्यांच्या तोंडाशी जुन्या सतरंजीची घडी, मोरीपाशी रबराचा तुकडा. पायाखाली काथ्या लागला की थांबायचे, सतरंजी लागली की पायरी आली. तिच्या पाण्याच्या भांड्याजवळ, नाकाच्या उंचीवर, आईने वाळ्याची एक जुडी बांधली. घरातले सामान हलवायला बंदी झाली. माझ्या पत्नीला दर सणाला कोच या भिंतीचा त्या भिंतीला लावण्याची जुनी आवड होती. ती तिने कवडीसाठी सोडली, हा त्याग या घराच्या इतिहासात मोठा आहे.

लोकांनी सल्ले पुष्कळ दिले. आंधळ्या कुत्र्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधावे. ते बहिरीला काय कामाचे? बहिऱ्या कुत्र्यासाठी मी सुचवतो, फरशीवर पाय आपटावा, त्याला हादरा कळतो. लाकडी पाटांच्या माडीवर कळत असेल. आमच्या शहाबादी फरशीवर मी पाय आपटून आपटून टाच सुजवून घेतली. कोणी म्हणाले, विजेरीचा झोत दाखवून बोलवा. हे डॉक्टरांनीच मोडून काढले. अशा कुत्र्यांना पळत्या उजेडाचे वेड लागू शकते आणि मग ती दिवसभर भिंतीवरचे कवडसे धरत बसतात.

शेवटी बोटेच कामाला आली. डाव्या खांद्यावर दोन टिचक्या म्हणजे तिचे नाव. कागदावर ती कवडी असली तरी तिचे स्वतःचे नाव हेच. कमरेवर एक बोट दाबले की बस. हनुवटीखाली उलटे बोट म्हणजे ये. छातीवर सपाट हाताने गोल म्हणजे शाबास. दिवसा याच गोष्टी हाताने हवेत करायच्या, त्याही खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड हातावर पडतो. प्रत्येक खुणेनंतर पनीरचा एक हरभऱ्याएवढा तुकडा.

मी शिकवायला बसलो आणि पंधरा दिवसांत नापास झालो. माझी खूण आज एक, उद्या दुसरी. कधी उजवा खांदा, कधी डावा. कधी दोन टिचक्या, कधी मुडदूस झाल्यासारख्या तीन. ही तर माझी वर्गातलीही खोड. एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली की ती मुलांना चौपट कळते, असे मी वीस वर्षे मानत आलो आहे. कवडी गोंधळून माझा अंगठा चाटी. मुक्ता उत्साही, पण तिला शाळा. पत्नीची घाईगर्दीत बँक गाठण्याची वेळ. आणि मग एक दिवस मी महाविद्यालयातून परतलो तो काय पाहतो? आई पाटावर बसली आहे, समोर कवडी बसली आहे. आईने डाव्या खांद्यावर दोनदा बोट टेकले, हनुवटीखाली उलटे बोट धरले, आणि कवडी चार पावले चालून तिच्या मांडीशी आली.

"तू कधी शिकवलंस?" मी विचारले.

"त्यात शिकवायचं काय? रोज एका वेळी, एका जागी, एकाच बोटानं. तुझ्यासारखं नाही, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं."

पन्नास वर्षे रोज पहाटे त्याच क्रमाने देवपूजा करणारी बाई ती. ताम्हन कधी डावीकडे ठेवले नाही की गंधाआधी फूल वाहिले नाही. तिच्या या कर्मठपणावर मी तारुण्यात पुष्कळ विनोद केले होते. कवडीला जगात नेमका तोच कर्मठपणा हवा होता. आईनेच पुढे तिला चौदा खुणा शिकवल्या. कुत्र्याला शिवल्यावर हात धुवायचे सोडले नाही, ही गोष्ट वेगळी.

जागे करण्याची गोष्ट तेवढी खर्चाची पडली. झोपलेल्या बहिऱ्या प्राण्याला हात लावणे म्हणजे आपल्याला अंधारात कोणी मागून गच्च धरण्यासारखे आहे. मुक्ताने प्रेमाने एकदा तिला उचलले, आणि कवडीने झोपेतच तिच्या मनगटाला चावा घेतला. दोन टाके पडले, आणि सुया घ्याव्या लागल्या त्या निराळ्या. त्या रात्री माझी पत्नी पहिल्यांदाच म्हणाली, "आपण चूक तर केली नाही ना?" मला उत्तर देता आले नाही. मग आम्ही नव्याने सुरुवात केली. आधी ती जागी असताना खांद्याला हलका स्पर्श आणि लगेच पनीर. दिवसातून तीस-चाळीस वेळा, महिनाभर. मग डुलकी लागली असताना आधी नाकापुढे हात, एक हलकी फुंकर, मग स्पर्श, मग पनीर. स्पर्श म्हणजे काहीतरी चांगले येणार, ही ओळख तिच्या झोपेतसुद्धा मुरायला हवी होती. दसऱ्यापर्यंत ती मुरली. त्यानंतर चावा कधी नाही.

या दिवसांत मी हेलन केलरविषयी पुन्हा वाचत होतो. अलाबामातल्या घरात पाण्याच्या पंपाखाली तिच्या एका हातावर पाणी पडत होते आणि ॲन सलिव्हन दुसऱ्या तळव्यावर अक्षरे लिहीत होती, तो १८८७ च्या एप्रिलमधला प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच्या आधीच्या मार्च महिन्यातल्या एका पत्रात सलिव्हनबाईंनी एक लहानशी हकिकत लिहिली आहे. हेलनच्या घरी बेल नावाची कुत्री होती. एक दिवस हेलन तिच्याशेजारी बसून तिच्या पंजाची नखे चाळवू लागली. ही काय करते आहे, हे आधी कोणाला कळेना. मग ध्यानात आले, की सात वर्षांचीही पुरती न झालेली ती मुलगी आपल्या बोटांनी बाहुली या इंग्रजी शब्दाची अक्षरे करून ती बेलला शिकवू पाहत होती. तिला स्वतःला त्या खुणांचा अर्थ अजून उमगलेला नव्हता, पण मिळाले ते लगेच कुत्रीला देऊन टाकावेसे वाटले! मी हे आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, "त्या कुत्रीला कळत असेल. तिला बोलता येत नव्हतं एवढंच."

आता मोत्याकडे वळतो. कारण खरा अन्याय झाला तो त्याच्यावर.

आमची अपेक्षा काय, तर घरात थोरला कुत्रा आहे, तो धाकटीला सांभाळेल. गोष्टींत असेच होते. मोत्याने मात्र कुठल्याही गोष्टीत काम करायचे कबूल केले नव्हते. कवडी त्याच्या अंगावर आपटे, त्याच्या ताटात तोंड घाली, तो झोपला असता पोटावरून चालत जाई. कुत्र्यांत याला रीतसर कायदा आहे. आधी कान मागे, मग ओठ वर, मग गुरगुर. या तीन नोटिसा दिल्यावरच दात. मोत्याने प्रत्येक वेळी तिन्ही नोटिसा बजावल्या. पण पहिल्या दोन दिसायच्या होत्या आणि तिसरी ऐकायची. एका रात्री जेवणाच्या वेळी त्याने कायद्याप्रमाणे चौथे पाऊल उचलले. कवडीच्या लांब कानाचा टवका निघाला, ओसरीभर रक्त झाले. मी पेपराची गुंडाळी करून मोत्याच्या पाठीत हाणली. सहा वर्षांत पहिल्यांदा. वर 'हाड' म्हणालो.

तो फाटकापाशी जाऊन बसला. रात्री आत आला नाही.

मला झोप लागेना. गुन्हा कोणाचा होता? पत्र वेळेवर टाकले, पण ज्याच्या नावाचे ते पत्र त्याला वाचताच येत नाही. आणि शिक्षा झाली ती पत्र लिहिणाऱ्याला. पहाटे मी चहा घेऊन फाटकाशी त्याच्याशेजारी बसलो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. अर्धे बिस्किट मात्र घेतले.

त्या दिवसापासून आम्ही आधी मोत्याचे हक्क ठरवले. दोघांची ताटे दोन खोल्यांत. माझ्या अभ्यासिकेच्या दाराला एक वीतभर उंचीची फळी ठोकली. मोत्या ती सहज ओलांडी, कवडीला ती भिंत. ती खोली त्याची, उत्तरपत्रिकांसकट. रोज अर्धा तास तो एकटाच माझ्याबरोबर फिरायला. आणि आईने कवडीला शिकवताना मोत्यालाही समोर बसवायला सुरुवात केली. "एकाला खाऊ आणि दुसरा बघत बसलाय, असं आमच्या घरी चालत नाही," हे तिचे कारण. मोत्याला कान होते, खुणांची गरज काय? पण पनीरपुढे तो वाद घालत नसे. बस, ये, थांब, शाबास, सगळ्या खुणा तो शिकला, आणि आमच्याही हातांना वळण पडले. घरात कोणी तोंडाने 'ये' म्हणाले की हात आपोआप उलटे बोट करी. मी वर्गातही तसे करू लागलो आणि एक मुलगा खरोखरच बाकावरून उठून आला.

हळूहळू मोत्यानेही आपली भाषा बदलली. कवडी ताटाकडे येऊ लागली की तो गुरगुरत नसे; खांद्याने तिला बाजूला लोटी. ती फार मस्ती करू लागली की आपली हनुवटी तिच्या पाठीवर ठेवून नुसता उभा राही, आणि ती निपचित होई. हे त्याला कोणी शिकवले नाही.

याचा अर्थ तो तिचा वाटाड्या झाला असे मात्र नव्हे. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही दोघांना एका जोडपट्ट्याने बांधून फिरायला नेले. मोत्या विसाव्या पावलाला रस्त्याच्या मधोमध बसला, तो उठेना. मागे रिक्षांची रांग लागली. पट्टा सोडल्यावर कवडी आपणहून त्याच्या मागच्या पायाला नाक लावून चालू लागली, तर तिला तो मुकाट्याने चालू देई. बाहेर ही सवलत होती. घरी तिने तसेच केले तर तो निघून जाई. दोन्ही गोष्टी आम्ही मान्य केल्या.

त्या २०१७ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मोत्या नेहमीसारखा आईच्या खाटेखाली शिरला. फटाके हा त्याचा जन्माचा वैरी. दर दिवाळीला चार दिवस तो खाटेखाली थरथरत बसे, तोंडातून लाळ गळे, पाणीसुद्धा तो आम्ही ओंजळीने पाजू तेव्हा घेई. म्हणून आई वसुबारसेलाच तिथे एक गोधडी घालून ठेवी. गल्लीत दहा हजारांची माळ लागली होती, खिडक्या हादरत होत्या, आणि कवडी खाटेखाली मोत्याच्या पोटाशी मुटकुळे करून घोरत होती. तो कापत होता आणि त्याच्याबरोबर ती हलत होती. पण तिची झोप काही मोडली नाही. त्या रात्री तो तिला ढकलत नव्हता.

२०१९ च्या पावसाळ्यात मी फाटकाची कडी लावायला विसरलो. दूधवाला आला, बोलत बोलत मी आत गेलो. वीस मिनिटांनी आई म्हणाली, "कवडी कुठाय?"

मी पायांत चपला न घालता धावलो. पाऊस भुरभुरत होता. गल्लीच्या पुढे मोठा रस्ता, बसगाड्या, शाळेच्या रिक्षा. मी ओरडत होतो, "कवडी! कवडी!" खिडक्यांतून लोक डोकावले. एका बाईंनी विचारले, "काय झालं सर?" "कवडी हरवलीय हो," मी म्हणालो, आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की एका कवडीसाठी हा माणूस भिजतो आहे! मी चांगली दहा मिनिटे ओरडलो असेन. घसा बसला. मग मुक्ता मागून पळत आली. माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाबा, हाका का मारताय? तिला ऐकू येत नाही."

मी त्या पावसात उभाच राहिलो.

मोत्या मुक्ताबरोबर आला होता. तुम्ही म्हणाल, आता मोत्याने माग काढला असेल. छे. तो त्याच्या रोजच्या वाटेने निघाला, रोजच्या खांबाशी थांबला, रोजच्या कोपऱ्यावरून वळला. दुसरे काही सुचत नव्हते म्हणून आम्ही त्याच्यामागून गेलो. इस्त्रीवाल्याच्या हातगाडीखाली, कोळशाच्या पोत्याला टेकून, कवडी बसली होती. या गाडीशी मोत्या रोज सकाळी थांबतो आणि इस्त्रीवाला त्याला पावाचा तुकडा देतो. दोन वर्षे तिने ही वाट त्याच्या मागच्या पायाला नाक लावून पाठ केली होती. ती एकटीच निघाली होती तरी गेली होती मोत्याच्याच वाटेने. आणि त्याचा थांबा आला तशी थांबली होती. इस्त्रीवाला म्हणाला, "थोरला मागनं येत असंल म्हणून म्या बसू दिली."

मी वाकलो, नाकापुढे हात धरला, फुंकर घातली. डाव्या खांद्यावर दोनदा बोट टेकले. बोट थरथरत होते, त्यामुळे टिचक्या किती झाल्या कोण जाणे. पण तिने माझा अंगठा चाटला.

त्यानंतरची वर्षे फारशा घडामोडींची नाहीत. मुक्ता दहावी झाली. आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले. कवडीचे नाक उन्हाने सोलवटायचे, म्हणून फिरण्याच्या वेळा पहाटेच्या झाल्या. मोत्याचे तोंड पांढरे झाले. तो उशिरा उठू लागला, पोस्टमनवर भुंकणे त्याने सोडले. आम्ही म्हणालो, वयाप्रमाणे शहाणा झाला. मी दारातून हात केला की तो येई, बस म्हटले की बसे. कशातच काही उणे दिसत नव्हते.

२०२४ ची दिवाळी. आईने वसुबारसेला खाटेखाली गोधडी घातली. लक्ष्मीपूजन झाले, गल्लीत पहिला सुतळी बाँब फुटला. माझी पत्नी सवयीने पाण्याची वाटी घेऊन खाटेपाशी वाकली, आणि म्हणाली, "अहो, मोत्या इथे नाही."

मोत्या ओसरीवर होता. पणत्यांच्या रांगेपासून चार हातांवर, कुशीवर, पाय ताणून झोपलेला. त्याच्या पाठीला पाठ लावून कवडी. दुसरा बाँब फुटला, शेजारच्या मोटारगाडीचा भोंगा वाजू लागला. मोत्याच्या दुमडलेल्या कानाचे टोकसुद्धा हलले नाही.

कोणी काही बोलले नाही. मुक्ता आत गेली आणि पितळेचे ताट आणि पळी घेऊन आली. सात वर्षांनी ते ताट पुन्हा त्या कामाला निघाले. तिने दोघांच्या मागे उभे राहून टोला दिला. पळीच्या वाऱ्याने कवडीने मान वर केली. मोत्या झोपून राहिला.

केव्हापासून, हे आम्हाला आजतागायत सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या कुत्र्यांत हे हळूहळू होते, आणि घरच्यांच्या सहसा लौकर लक्षात येते, कारण कुत्रे हाकेला येईनासे होते. आमच्या घरी हाक मारायची पद्धतच राहिली नव्हती. वर्ष-सहा महिने तो आमच्या हातांकडे बघून ऐकत असला पाहिजे.

त्या रात्री मी त्याच्यापुढे जाऊन बसलो. खांद्याला हात लावणार होतो, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "अरे, आधी नाकापुढे." मी तळहात त्याच्या नाकापुढे धरला आणि हलकी फुंकर घातली. मोत्याने डोळे उघडले. मी उलटे बोट केले. तो सांध्यांना सावरत उठला, दोन पावले पुढे आला आणि पनीरसाठी माझ्या हाताचा वास घेऊ लागला.

"ती गोधडी काढून ठेवू का?" पत्नीने आईला विचारले.

"राहू दे," आई म्हणाली. "फराळाचे डबे ठेवायला जागा नाहीये, त्यावर ठेवीन."